एकच आजी वंशावळीत तीनदा: शिरगणतीच्या आणि वयाच्या नोंदी लिहिताना होणारा घोळ

गेल्या मे महिन्यात विट्याला एका लग्नात आमच्या भावकीची वंशावळ मांडवात लावली होती. पुण्यातल्या पुतण्यानं सॉफ्टवेअरमध्ये भरून सात फुटी कागदावर छापून आणलेली. पंगत बसायच्या आधी माणसं तिथं गर्दी करून आपापलं नाव शोधत होती. तेवढ्यात आत्या म्हणाली, "अरे, आमच्या आईला तीन ठिकाणी का बसवलीय?" बघितलं तर खरंच. एक आजी १९०५ ची, एक १९११ ची, एक १९१६ ची. नवरा तिघींचा एकच, म्हणजे कागदाच्या म्हणण्याप्रमाणं आजोबांची तीन लग्नं. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्या पगारात एक संसार ओढताना दमले होते.

हा घोळ आमच्या एकट्याच्या घरचा नाही. मी निवृत्त झाल्यापासून सातारा-सांगलीकडच्या ओळखीच्या कुटुंबांची कागदपत्रं लावून देतो, आणि जवळजवळ प्रत्येक घरात हेच दिसतं. एकाच माणसाची दोन-तीन जन्मसालं येतात. मग त्यातलं बरोबर कुठलं यावर भावाभावांत वाद होतो. वादाला कंटाळून कुणीतरी एक साल ठेवतो, बाकीची पुसून टाकतो. सहा महिन्यांनी जुन्या ट्रंकेतून नवा कागद निघतो आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

दोष सॉफ्टवेअरचा नाही, पुतण्याचाही फारसा नाही. कागदावर वय लिहिलेलं असतं. आपण मनात वजाबाकी करतो, जन्मसाल लिहितो आणि वय विसरून जातो. कुठल्या तारखेला, कुणी सांगितलेलं वय, हे सगळं त्या वजाबाकीत गळून पडतं. उरतं एक सुटं साल, आणि ते तपासायचं कसं हे कुणालाच कळत नाही. म्हणून मी आता एकच पथ्य पाळतो. आधी कागदाची नोंद करायची, जशीच्या तशी. माणसाची नोंद त्यानंतर, वेगळ्या पानावर.

आजीच्या तीन सालांचा उलगडा

पुतण्याला विचारलं, ही सालं आली कुठून? त्यानं तीन फोटो दाखवले.

पहिला १९६६ च्या शिधापत्रिकेचा. त्यात आजीचं वय ५०. वजा करून १९१६. दुसरा एका जुन्या मतदारयादीच्या पानाचा, यादी १९८० ची, वय ७५. वजा करून १९०५. तिसऱ्याखाली त्यानं 'स्रोत: १९५१ ची जनगणना' असं लिहिलं होतं, वय ४०, म्हणून १९११.

ही तिन्ही वयं पुन्हा वाचा. ५०, ७५, ४०. आपल्याकडं वय विचारलं की माणूस शून्यावर नाहीतर पाचावर येऊन थांबतो. चाळिशी, पन्नाशी, साठी. जनगणनेच्या जुन्या अहवालांतही याची तक्रार आहे. वयाच्या तक्त्यात तीस, चाळीस, पन्नास या आकड्यांवर उंचवटे आणि एकोणतीस, एकेचाळीसवर खड्डे. तेव्हा पूर्ण आकड्याचं वय हातात आलं की त्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच वर्षांची सैल जागा धरायची. हे तिन्ही कागद सैलच होते. तिसराही.

तो तिसरा कागद मात्र बघण्यासारखा होता. आजोबा मास्तर असल्यानं १९५१ च्या शिरगणतीत, म्हणजे जनगणनेत, त्यांना प्रगणकाचं, म्हणजे घरोघरी माहिती भरून घ्यायचं काम लागलं होतं. (मास्तरांना तेव्हाही लागायचं, आताही लागतं, कुरकुर तीच.) गावातल्या शिरगणतीच्या चिठ्ठ्या भरताना त्यांनी आपल्या घरची माहिती स्वतःच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून ठेवली. वर मथळा 'शिरगणती १९५१', खाली आठ ओळी. म्हणजे ही जनगणना नव्हे, जनगणनेची घरगुती नक्कल. दोन्हींत फरक आहे. नक्कल करताना चूक होऊ शकते, आणि प्रगणक, माहिती देणारा आणि घरचा कर्ता तिघं एकच माणूस असला की तपासणारा कुणी उरत नाही. दुसऱ्या बाजूनं, शिकलेला, हिशेबी माणूस स्वतःच्या बायकोचं वय लिहितोय, हे शिधापत्रिकेपेक्षा नक्की वजनदार.

आता तारीख. १९५१ च्या जनगणनेची संदर्भवेळ, म्हणजे ज्या घटकेची माहिती धरायची ती वेळ, होती १ मार्चचा सूर्योदय. त्या दिवशी पूर्ण ४० वर्षं झालेली असतील तर जन्म २ मार्च १९१० ते १ मार्च १९११ या दरम्यानचा. नुसतं १९११ लिहिलं की या बारा महिन्यांतले पहिले दहा बाहेर पडतात. शिवाय आपल्याकडं 'चाळिसावं चालू आहे' असंही सांगतात. तसं असेल तर सगळं आणखी एक वर्ष पुढं सरकतं. म्हणून मी वजाबाकीचं उत्तर कधीच एका सालात लिहीत नाही, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहितो.

उलगडा शेवटी दोन गोष्टींनी झाला. आत्या सांगते, आजी म्हणायची की मानमोडीच्या साथीत ती परकर नेसून विहिरीवर छोटी कळशी घेऊन जायची आणि गल्लीतली माणसं पटापट मेलेली तिला आठवत होती. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. १९१६ चा जन्म धरला तर ती दोन वर्षांची, कळशी कुठली उचलणार! १९०५ धरला तर तेरा वर्षांची, आणि तेव्हाच्या रीतीनं ती सासरी असायची, माहेरच्या विहिरीवर नव्हे. मधलं साल बसतं.

दुसरी गोष्ट ट्रंकेत निघाली. आजीच्या वडिलांनी जोशांकडून करून घेतलेली पत्रिका, अर्धी वाळवीनं खाल्लेली. शके १८३२, साधारण नाम संवत्सर, माघ शुद्ध. पुतण्यानं लगेच ७८ मिळवले आणि म्हणाला, "१९१० निघतंय, हेही जुळत नाही." इथं बरेच जण फसतात. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, पण जानेवारी उजाडल्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणून १८३२ अधिक ७९, फेब्रुवारी १९११. १ मार्च १९५१ ला आजीला चाळीस पूर्ण होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. आजोबांची वही तंतोतंत.

तरीही शिधापत्रिकेतलं ५० आणि यादीतलं ७५ मी पुसलं नाही. दोन्ही कागद आपापल्या नोंदीत आहेत, आहेत तशी वयं घेऊन. आजी एकच राहिली, कागद तीनाचे चार झाले.

नोंद प्रत्यक्षात कशी दिसते

वहीच्या पानाची नोंद मी अशी केली. एक्सेलमध्ये करा नाहीतर शंभर पानी वहीत, रकाने हेच ठेवा.

कागद: आजोबांची निळी वही, पान १७. १९५१ च्या शिरगणतीची घरगुती नक्कल. मूळ चिठ्ठी पाहिलेली नाही.
कागदावरची तारीख: '१ मार्च १९५१'
कागदावरची जागा: 'ता. तासगाव, जि. द. सातारा'
नाव: 'सौ. पार्वती' (हे आणि खालचं माहेरचं नाव इथं बदलून लिहिलंय)
नातं: 'पत्नी'
वय: '४०'
सांगणारा आणि लिहिणारा: आजोबा
कुठं आहे: थोरल्या काकांच्या घरी, फोटो माझ्याकडं
माझा हिशेब: जन्म २ मार्च १९१० ते १ मार्च १९११, पूर्ण वय धरून.

अवतरणचिन्हातलं सगळं कागदाचं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट. 'माझा हिशेब' तेवढा माझा, आणि तो उद्या बदलू शकतो. हे दोन्ही एका रकान्यात आले की पुन्हा तीन आज्या जन्माला येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

आणि आठही ओळी उतरवायच्या. आपल्याला हवा तो एकच माणूस उचलून बाकीचं घर तिथंच सोडायचं नाही. का, ते शेवटी सांगतो.

'जनगणनेत आजोबांचं नाव आहे का हो?'

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, विशेषतः कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून. उत्तर सरळ आहे. भारतातल्या जनगणनेत व्यक्तीचं नाव असलेला कागद कुणालाही बघायला मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी तपासायला खुल्या नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मी स्वतः एकदा हौसेनं अर्ज केला होता. छापील उत्तर आलं, नाही म्हणून. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. लोकांनी खरं सांगावं म्हणूनच हा पडदा आहे.

प्रसिद्ध होतात ते आकडे. १९३१ च्या जनगणनेत जातवार आकडे आहेत, पण कुठल्या जातीची किती माणसं एवढंच. तुमचे पणजोबा कोण होते हे त्यात नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांचे जातवार आकडे छापलेच नाहीत. त्यामुळं एखाद्या वंशावळीत माणसाच्या नावाखाली 'स्रोत: १९३१ जनगणना' दिसलं की मी थांबतो आणि मूळ कागद मागतो. बहुतेक वेळा निघतो गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. ते कागद चांगलेच आहेत, नावानिशी आहेत, काही बाबतींत जनगणनेपेक्षा उपयोगी आहेत. फक्त त्यांना त्यांच्या नावानं हाक मारा.

शाळेच्या उताऱ्याबद्दल एक सूचना: जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींची तारीख आहे, आईची नव्हे. शाळा जूनमध्ये उघडायची, मुलगा भरतीच्या वयाचा दिसला पाहिजे, म्हणून सरसकट १ जून. आमच्या भावकीत एकतीस जणांचा वाढदिवस त्या दिवशी येतो. 'दाखल्यावर १ जून' असंच लिहा, आणि साल एक-दीड वर्ष इकडचं-तिकडचं असू शकतं हे हिशेबाच्या रकान्यात टाका.

मग जनगणनेच्या छापील पुस्तकांचा काय उपयोग? घराभोवतीचं गाव दिसतं. जिल्हा जनगणना पुस्तिका १९५१ पासून आहेत आणि त्यात गावनिहाय घरं आणि माणसं आहेत. आपलं गाव किती उंबऱ्यांचं होतं ते कळतं. जुन्या आकड्यांचाही असाच उपयोग. १९०१ मध्ये सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ११,४६,५५९ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. मध्ये दुष्काळ आणि प्लेग येऊन गेले होते. एखादी शाखा त्याच दहा वर्षांत तुटलेली दिसली तर कारणाचा अंदाज येतो. त्या अंदाजावरून 'मृत्यू १८९९, प्लेगने' असं लिहिणारे लोक मी पाहिलेत. अंदाज हिशेबाच्या रकान्यात लिहा.

गाव तेच, जिल्हा वेगळा

पुतण्याच्या सॉफ्टवेअरनं आजीचं जन्मस्थान 'जि. सांगली, महाराष्ट्र' असं भरलं होतं. १९११ साली सांगली नावाचा जिल्हाही नव्हता आणि महाराष्ट्र राज्यही नव्हतं. सांगली होतं, पण संस्थान. आणि वहीतल्या 'द. सातारा' मधला 'द.' न कळल्यानं पुतण्यानं तो गाळून नुसतं सातारा केलं, म्हणून तिसरी आजी दुसऱ्या जिल्ह्यात गेली ती गेलीच.

जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९५१ ची आकडेवारी या दोन नावांखाली शोधायची. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. १९४९ च्या आधी तासगाव, वाळवा, खानापूर हे सगळं साताऱ्यातच होतं. आणि मध्ये मध्ये संस्थानांची ठिगळं: औंध, फलटण, जत, सांगली, मिरज. कुंडल आज पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. पण १९४८ पर्यंत ते औंध संस्थानात होतं. कुंडलच्या माणसांना १९३१ च्या सातारा जिल्ह्यात मोजलेलं नाही, कारण संस्थानांचे आकडे वेगळे मांडत.

म्हणून जागेचे दोन रकाने. एकात कागदावर जे आहे ते, दुसऱ्यात आजचा पत्ता. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे, तो दुसऱ्या रकान्यात टाकला की एकाच नावाच्या गावांचा गोंधळ मिटतो. नागठाणे साताऱ्याजवळ महामार्गावर आहे आणि पलूस तालुक्यात कृष्णाकाठीही आहे, बालगंधर्वांचं. कवठे तर विचारूच नका: वाईकडचं कवठे, कवठे एकंद, कवठे महांकाळ. ईश्वरपूर कालपर्यंत इस्लामपूर होतं, जुन्या कागदात उरुण-इस्लामपूर मिळेल. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना आजचा पत्ताच नाही. तिथं दुसऱ्या रकान्यात पुनर्वसन झालेलं ठिकाण लिहावं, पण पहिला रकाना बदलू नये. त्या घरांना जुन्या पुस्तिकेतली ती एक ओळ फार मोलाची वाटते, मी बघितलंय.

मधलं नाव 'बिन'

हसू नका, पण एका वंशावळीत मला सात पिढ्या सगळ्यांचं मधलं नाव 'बिन' सापडलं. 'राणू बिन तुका' म्हणजे तुकाचा मुलगा राणू. 'वलद' चाही अर्थ तोच. बाईच्या नावापुढं 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. सातबारावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे ज्याची जमीन आहे तो तेव्हा सज्ञान नव्हता. वयाचा केवढा मोठा पुरावा आहे हा! आणि लोक ती अक्षरं आडनावाचा भाग समजून टाइप करतात किंवा गाळतात.

बायकांची नावं लग्नात बदलत. आमची आजी माहेरी कृष्णा, सासरी पार्वती. पत्रिकेत कृष्णा आहे, वहीत पार्वती. दोन्ही जशीच्या तशी लिहा आणि 'ही एकच बाई' हा तुमचा निष्कर्ष म्हणून वेगळा नोंदवा, कशावरून ते सांगून. मोडीतून वाचलेल्या नावांत ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा धरू नका. वाचणाऱ्यानं काय वाचलं ते लिहा, आणि वाचणारा कोण तेही.

कागदात नाही म्हणजे मेला?

वहीतल्या आठ ओळींत आजोबांचे धाकटे भाऊ नाहीत. पुतण्यानं त्यांच्या नावापुढं 'मृत्यू १९५१ पूर्वी' टाकलं होतं. ते धाकटे आजोबा १९५१ ला लालबागला एका खोलीत चौदा माणसांत राहून गिरणीत जात होते आणि माझ्या मुंजीत त्यांनी मला घड्याळ दिलं. सातारा-सांगलीकडच्या निम्म्या घरांतला एखादा पुरुष तेव्हा मुंबईला असायचा. १९३१ पर्यंत शिरगणती एकाच रात्रीत उरकत, जो जिथं सापडेल तिथं मोजला जाई. पुढं पद्धत बदलून नेहमीच्या राहण्याच्या जागेवर आली. दोन्ही पद्धतींत गिरणीतला माणूस मुंबईतच मोजला जाणार. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून माहेरच्या यादीत जाऊ शकते. तेव्हा गैरहजेरीची नोंदही गैरहजेरी म्हणूनच करायची: 'या यादीत नाव नाही.' बस.

त्याचंच उलट टोक म्हणजे दोन भाऊ दोन वेगळ्या कुटुंबांत दिसले की लोक वाटणी झाली असं धरतात. जनगणनेचं कुटुंब चुलीवर ठरतं. एका वाड्यात तीन चुली असल्या तर तीन कुटुंबं, जमीन एकत्र असली तरी. वाटणी बघायची तर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काढा.

परदेशातल्या नातेवाइकांच्या नोंदी

इंग्लंड-अमेरिकेत नावानिशी जनगणना काही वर्षांनी खुली होते, अमेरिकेत ७२ वर्षांनी, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी. वाईच्या एका घरातले चुलत पणजोबा १९१७ च्या आधी अमेरिकेला गेले आणि तिथंच राहिले. त्यांच्या पणतूनं तिन्ही जनगणनांची पानं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकटात शोधून मला पाठवली. १९२० मध्ये वय २४, १९३० मध्ये ३२, १९४० मध्ये ४५. पहिल्या दहा वर्षांत गृहस्थ आठ वर्षांनी वाढले, पुढच्या दहांत तेरा. पणतू वैतागला होता.

१९४० च्या पानावर घरमालकिणीच्या नावापुढं वर्तुळातली फुली होती. त्या वर्षी माहिती ज्यानं दिली त्याच्या नावापुढं अशी खूण करायची होती. म्हणजे ४५ हे वय पणजोबांनी सांगितलेलं नाही, भाड्यानं राहणाऱ्या परक्या माणसाबद्दल घरमालकिणीनं ठोकलेलं आहे. 'सांगणारा' हा रकाना मी त्या दिवसापासून कधी रिकामा ठेवला नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहितो. तारखाही बघा: १९२० ची १ जानेवारीची, १९३० आणि १९४० ची १ एप्रिलची.

आणि पणतूनं वंशावळीत 'धर्म: हिंदू, आधार १९२० अमेरिकन जनगणना' असं लिहिलं होतं. तो रकाना धर्माचा नाही, वर्णाचा आहे, म्हणजे कातडीच्या रंगाचा आणि वंशाचा. १९२० ते १९४० या तीन जनगणनांत अमेरिकेनं हिंदुस्थानातून आलेल्या माणसांच्या वर्णापुढं 'हिंदू' लिहिलं, मग तो पंजाबचा शीख असो की बंगालचा मुसलमान. कागदातला शब्द तर लिहाच, पण रकान्याचं नावही सोबत उतरवा.

लंडनला १९३१ मध्ये शिकायला असलेला कुणी शोधत असाल तर शोधू नका. इंग्लंडची ती जनगणना १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळं झालीच नाही.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना येते आहे, मोबाईलवर, आणि घरच्यांना स्वतः माहिती भरायची सोयही आहे. आजोबांसारखं करा. जे सांगाल ते घरातल्या वहीतही उतरवा, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घालून. मात्र हयात माणसांचे तपशील मांडवात लावायच्या कागदावर छापू नका. आमच्या वेळी एका वहिनींचं खरं वय सात फुटी कागदावर आलं आणि अजून बोलणं सुरू झालेलं नाही.

राहिली आठवी ओळ. आजोबांच्या वहीत आजोबा, आजी, पणजी, चार मुलं आणि मग 'बाळू, वय ३'. नात्याच्या रकान्यात काहीच नाही, नुसती आडवी रेघ. सात जणांची नाती व्यवस्थित लिहिणारा मास्तर आठव्यापाशी थांबला. पुतण्यानं 'नातं नाही' म्हणून ती ओळ सोडून दिली होती. आम्ही ती परत घेतली. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती; तिला एक मूल घरात असल्याचं आठवतं, चुलीपाशी राखेत बोटानं रेघोट्या मारायचं. कुणाचं, ते आठवत नाही. नोंदीत ते तसंच आहे: नाव 'बाळू', वय '३', नातं '—'.